दिव्यांगत्व दिसेल असा फोटो

माझ्याविरुद्ध तक्रार अशी आहे की मी सुईत दोरा ओवला.

तोही एका दमात. 'सदर शिक्षिका रविवारी दुपारी चारच्या सुमारास राहत्या घराच्या ओट्यावर बसून सुईत दोरा ओवताना प्रत्यक्ष पाहिली. एका दमात ओवला हे विशेष.' 'विशेष' या शब्दाखाली रेघ आहे. खाली सही: 'आपला नम्र, एक हितचिंतक.' हितचिंतक अशी सही असलेलं पत्र कुणाच्या हिताचं निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. निनावी पत्राला निदान लाज तरी असते.

ही तक्रार ज्या ऑफिसात गेली त्याचं नाव मी घेणार नाही. तिथे माझी फाइल आहे. त्यांनी तक्रारीची झेरॉक्स मला पाठवली आणि सोबत फेरतपासणीचा एक फॉर्म जोडला. मी तो भरायला बसले. रकाने बोटभर होते. पुरले नाहीत तिथे मी पाठीमागे गेले, पाठीमागेही पुरलं नाही तिथे हे असं झालं.

रकाना १. नाव व हुद्दा

हेमा योगीराज कौसडीकर. सहशिक्षिका, पेडगाव. मुक्काम परभणी. रोज एसटीने जाऊन-येऊन. एकच गाडी, बदलावी लागत नाही, आणि उतरल्यावर शाळेपर्यंतची चौऱ्याऐंशी पावलं मला पाठ आहेत. दिव्यांग म्हणून मिळालेली ही शाळा आहे. प्रमाणपत्र खोटं ठरलं तर शाळा जाणार, बहुधा नोकरीही जाणार आणि गावभर नाव होणार ते वेगळंच.

रकाना २. दिव्यांगत्वाचा प्रकार (एका शब्दात)

एका शब्दात बसत नाही. मला नळीतून दिसतं. वर्तमानपत्राची गुंडाळी करून डोळ्याला लावा. जेवढं दिसेल तेवढं माझं जग. त्या गोलात जे आहे ते मला तुमच्याहून स्वच्छ दिसतं. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, चौथीतल्या पोराने उत्तरपत्रिकेवर केलेली खाडाखोड, सुईचं नाक. गोलाच्या बाहेर काही नाही. काळोखही नाही, नुसतंच काही नाही. तिथे बादली असू शकते. म्हैस असू शकते. एकदा साक्षात शिक्षणाधिकारी होते आणि मी त्यांच्या पायावर पाय देऊन पुढे गेले.

लोकांना आंधळा माणूस पूर्ण लागतो, भाकरीसारखा. अर्धा चालत नाही.

रकाना ३. टक्केवारी

ऐंशी. कॉलनीत हा आकडा कळला तेव्हा समोरचे दिनकरकाका म्हणाले होते, "वा! डिस्टिंक्शन!" सरकारने अपंगांचं दिव्यांग केलं तेव्हापासून लोकांच्या अपेक्षा फार वाढल्यात.

रकाना ४. लिहिता-वाचता येते काय? होय / नाही (नको ते खोडावे)

हा रकाना ज्याने तयार केला त्याच्या बुद्धीला मी मनापासून घाबरते. 'होय' ठेवलं तर माझे डोळे चांगले आहेत. 'नाही' ठेवलं तर मी शिक्षिका कशी? मी ऑफिसातल्या हरिओमना फोन केला. तपासणीचं सगळं टेबल त्यांच्याकडे आहे.

"मॅडम, दोनापैकी एक खोडा."

"पण दोन्हीत मी अडकते."

"म्हणूनच दोन ठेवलेत ना," ते म्हणाले. "आणि हे बघा, तुमी हा फॉर्म स्वतः वाचायलाव का?"

मी सावध झाले. "आमचे मिस्टर वाचून दाखवतात."

थट्टा सोडली तर आयुष्यात पहिल्यांदा मी दिसत असताना दिसत नाही असं बोलले. शेजारी बसून शेंगा सोलणारे आमचे मिस्टर, योगीराज, यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेतही मला संशय दिसला. म्हणजे नळीत जेवढा मावला तेवढा.

रकाना ५. कार्यालयीन उपयोगासाठी. येथे काही लिहू नये.

इथे कुणी वाचत नाही, म्हणून माझे संशय मी इथेच लिहिले.

भुजंग सर. माझ्याच तालुक्यात शिक्षक, पेडगावच्या शाळेवर तीन वर्षं डोळा. डोळे दोन्ही उत्तम. मी दिसले की मुद्दाम दोन बोटं नाचवून विचारतात, "मॅडम, किती?" मी मुद्दाम "पाच" म्हणते. पण ते राहतात मानवतला. रविवारी चार वाजता माझ्या ओट्यासमोर कशाला येतील?

एसटीचा कंडक्टर. दोन वर्षांपूर्वी मी पांढरी काठी घेऊन गाडीत चढले, सीटवर बसले आणि मोबाइल वाचायला लागले. त्याने सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं, "काठी घेऊन हिंडायलाव अन् व्हॉट्सॲप वाचायलाव? हे कसलं आंधळेपण म्हणावं?" गाडी हसली. त्या दिवशी काठीच्या चार घड्या घातल्या आणि ती कपाटात ठेवली. तेव्हापासून मी डोळस माणसासारखी धडपडते. पण त्याला माझा पत्ता माहीत नाही.

दिनकरकाका. पूर्णा जंक्शनला बत्तीस वर्षं तिकीट खिडकीत बसले. आता खिडकी घरची आहे, बसणं तेच आहे. कॉलनीत कुणाचाही अर्ज, दरखास्त, तक्रार तेच फुकट लिहून देतात. त्यांच्या खिडकीतून माझा ओटा सरळ दिसतो.

धुरपतामावशी. शेजारीण. सुई त्यांचीच होती. दर रविवारी गोधडीला टाके घालायला बसतात आणि हाक मारतात, "हेमा, एवढं ओवून दे गं माय. मला काय दिसायलंय आता." त्यांना लिहिता येत नाही, म्हणून मी त्यांना सोडलं. पण पुढच्या रविवारी त्यांनी हाक मारली तेव्हा सोडलेलं परत धरलं. कारण तो दोरा त्यांच्याशिवाय इतक्या जवळून पाहिलाय कुणी?

संशयाचं एक बरं असतं, त्याला नळी नसते. तो सगळीकडे बघतो.

रकाना ६. पूर्णाकृती फोटो (दिव्यांगत्व दिसेल असा)

इथे खरं प्रकरण सुरू होतं.

आमच्या चौकातल्या स्टुडिओचा सिद्धोधन हा हुशार फोटोग्राफर. त्याने फॉर्म वाचला, मला वरून खाली बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, दिव्यांगत्व कुठंय?"

"डोळ्यांत."

"पायाचं असलं की लय सोपं जातं. हाताचं असलं तर हात वर करायला लावतो. डोळ्याचं म्हणजे..." तो विचारात पडला. "असं करा, जरा वर बघा. अजून वर. छताकडं."

मी छताकडे बघितलं. "सिद्धोधन, त्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं आहे."

"मॅडम, बघू नका! नुसतं तोंड करा तिकडं."

न बघता तोंड कसं करायचं हे मला चाळिसाव्या वर्षी शिकावं लागलं. सहा फोटो निघाले. त्यातला एक मी हरिओमना व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या आणि मग उत्तर आलं: 'यात तुमी देवाला नवस बोलायलाव असं वाटायलंय. चालणार न्हाई.'

ही बातमी संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झाली. माझ्या ओट्यावर बैठक भरली. माझ्या आंधळेपणावर एवढी माणसं एकत्र यापूर्वी कधी जमली नव्हती. प्रत्येकाला आंधळं माणूस कसं असतं याची पक्की माहिती होती. फक्त मला नव्हती.

"काळा चष्मा पाहिजे," दिनकरकाका म्हणाले. "चष्मा आणि काठी. त्याशिवाय प्रकरण उभं राहत नाही."

"काका, काळ्या चष्म्यातून मला अजिबात दिसत नाही."

"मग उत्तमच की!"

योगीराजांनी दुसऱ्याच दिवशी बाजारातून काळा गॉगल आणला. एरवी त्यांना एक लिंबू आणायला सांगितलं तर दोनदा फोन येतो. काठी कपाटातून निघाली. जी काठी मी चालायला घेतली तेव्हा ढोंग होती, ती आता फोटोला घेतल्यावर पुरावा होणार होती. मी हे योगीराजांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "हेमा, आत्ता तत्त्वाचं नको. आत्ता डावीकडे सरक."

रविवारी भर दुपारी, दारासमोरच्या रस्त्यावर, दिनकरकाकांच्या देखरेखीखाली फोटो काढायचं ठरलं. योगीराज मोबाइल धरून उभे. काका खिडकीतून सूचना देत होते: "काठी पुढं! पाऊल उचला! हां, आता जरा चाचपडल्यासारखं!"

चाचपडल्यासारखं करायची वेळच आली नाही. मार्चचं ऊन, काळा गॉगल आणि माझी नळी असा त्रिवेणी संगम झाल्यावर मला खरोखर काही दिसेना. काठी बाजेच्या पायाला लागली, मी सवयीप्रमाणे काठीपेक्षा स्वतःवर जास्त भरवसा ठेवला आणि पुढे गेले. ती बाज धुरपतामावशींची होती. तिच्यावर पांढऱ्या साडीवर कुरडया वाळत होत्या. मी त्यांच्यावर बसले. ओल्या होत्या.

कॉलनीत दोन तट पडले. एक म्हणाला, "बघा, खरंच दिसत न्हाई बिचारीला." दुसरा म्हणाला, "लय ओव्हर करायलीय." माझ्या मानहानीबद्दल मात्र दोन्ही तट गप्प होते. साडीला चिकटलेल्या कुरडया काढताना मी ठरवलं की या माणसांशी संबंध कमी करायचे. पण ज्यांच्या कुरडया आपल्या अंगावर आहेत त्यांच्याशी संबंध कमी कसे करणार?

तो फोटो मात्र सुरेख आला होता. हरिओमचं उत्तर: 'डोळ्याचं दिव्यांगत्व अन् डोळेच झाकले? गॉगल काढून पाठवा.'

रकाना ७. खुलासा (तीन दिवसांत)

खुलासा दिनकरकाकांनी लिहून दिला. तो मी वाचला आणि एका ओळीशी थांबले. 'सदर शिक्षिकेस समोरील वस्तू दिसते परंतु बाजूची म्हैस दिसत नाही, हे विशेष.' 'विशेष'खाली रेघ.

त्या रात्री जेवताना योगीराजांना म्हटलं, "तक्रार काकांनीच लिहिलीय."

"पुरावा?"

"रेघ."

"रेघ कुणीही मारतं."

आता नवऱ्यावरही संशय घ्यावा का, असा विचार करत मी तिसरी भाकरी खाल्ली.

पुढच्या रविवारी मावशींनी सुई घेऊन हाक मारली. माझ्या मनात दोन आठवड्यांचं सगळं साचलेलं. मी जागेवरून उठले नाही. म्हटलं, "मावशी, मला नाही दिसत आता सुई."

मावशी ओटा चढून आल्या. सुई हातातच. माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि एकदम रडायलाच लागल्या.

"गेली? खरंच गेली का गं नजर? अन् मी मरो, मी तर सरकारला कळवून बसले!"

"काय कळवलं?"

"काय कळवलं म्हणजे? नळाला पाणी भरताना त्या बाया तुला आंधळी म्हणतात. आंधळी मॅडम, आंधळी मॅडम. मला सहन होईना. म्हणलं, दिनकरराव, सरकारला लिवा. आमची हेमा आंधळी न्हाई. सुई ओवती, एका दमात. असं चांगलं लिवा म्हणलं तिच्याबद्दल."

मी खिडकीकडे वळले. काका नेहमीप्रमाणे खिडकीत होते.

"काका!"

"मजकूर त्यांचा, भाषा माझी," काका शांतपणे म्हणाले. "त्यांनी सांगितलं, सरकारला कळवा. सरकारला कळवायचा एकच नमुना असतो, तक्रारीचा. कौतुकाचा नमुना मी बत्तीस वर्षांत पाहिला नाही."

"आणि सही? हितचिंतक?"

"मग काय खोटं आहे त्यात? नाव टाकू का विचारलं तर म्हणाल्या, माझं नाव कशाला, मी काय मोठी हाय का."

"आणि परवा माझा खुलासाही तुम्हीच लिहिलात! त्यावेळी सांगता आलं नाही?"

"हे बघा हेमाताई, खिडकीत बसणाऱ्या माणसानं या प्रवाशाचं तिकीट त्या प्रवाशाला सांगायचं नसतं. आणि दोन्ही बाजू मला नीट ठाऊक होत्या म्हणूनच खुलासा इतका झकास झाला."

मला रागवायचं होतं. दोन आठवडे लोणी लावून ठेवलेला राग आता कुणाच्या तोंडात घालायचा? ज्या बाईला मी आंधळी आहे हे सहन होत नव्हतं, तिनेच मला मी आंधळी आहे हे सिद्ध करायला लावलं होतं. मी म्हटलं, "मावशी, आंधळी म्हणालं कुणी तर म्हणू द्या. मी आहेच ना तशी, बरीचशी."

"नको म्हणू गं तसं," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून सुई माझ्यापुढे धरली. "मग हे ओवती का?"

ओवलं.

हरिओमना फोन करून सगळं सांगितलं. तक्रारदार सापडल्या आहेत, तक्रार मागे घ्यायला तयार आहेत.

"निनावी तक्रार मागं घेता येत न्हाई, मॅडम. ज्यानं दिली त्यानंच घ्यायची. अन् कुणी दिली ते नावच न्हाई."

"त्या येतील, अंगठा देतील."

"त्याच हितचिंतक हायेत कशावरून? तसं प्रमाणपत्र आणा."

फॉर्म इथे संपला. पुढचं कोऱ्या कागदावर.

तपासणीच्या दिवशी आम्ही दोघं साडेनऊला पोचलो. हॉल भरलेला. दारात टेबल, टेबलामागे हरिओम. आवाजावरून मला ते पन्नाशीचे वाटले होते, निघाले तिशीचे. आवाज खुर्चीने दिलेला होता. त्यांनी माझा छताकडे बघणारा फोटो उलटसुलट केला. "मॅडम, डॉक्टर काहीबी म्हणू द्या, फोटोशिवाय फाइल वर जायची न्हाई. दिव्यांगत्व दिसलं पाहिजे. बसा तिकडं."

बसले. काठी मांडीवर. आणि समोर बघितलं तर नळीत एक तरुण आला. पंचविशीचा, इस्त्रीचा शर्ट, चेहरा तजेलदार. मोबाइलकडे बघून हसत होता. खुशाल. भुवया उडवत होता. मध्येच डोळा मारला.

मी योगीराजांच्या कानाशी लागले. "हा बघा. धडधाकट! असल्यांमुळेच आपल्यावर ही वेळ येते. बायकोशी गप्पा मारायलाय बघा."

बोलताना आवाज थोडा वाढला असावा, कारण आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना हलवल्या. त्या हॉलमध्ये प्रत्येक जण दुसऱ्याचं दिव्यांगत्व शोधत बसला होता.

टेबलावरून हाक आली, "केयूर!" कुणी उठलं नाही. "अहो, केयूर कोण हाय? केयूर!" तो तरुण हसतच होता. "बघा," मी म्हटलं, "घाबरलाय. उठत नाहीये."

योगीराज हळूच म्हणाले, "हेमा, हात बघ त्याचे."

"काय हात?"

"खाली बघ जरा."

मी नळी खाली नेली. मोबाइल शेजारच्या बाकाच्या पाठीला तिरका टेकवून उभा केला होता आणि खाली त्याचे दोन्ही हात चालू होते. बोटं जुळत होती, सुटत होती, तळवा छातीवरून पुढे जात होता. मोबाइलच्या पडद्यावर एक मुलगी तशीच बोटं हलवत होती. तो बोलत होता. मी फक्त चेहरा बघत बसले होते. बोलणं माझ्या नळीच्या बाहेर चाललं होतं.

कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो उठून टेबलाशी गेला. हरिओमनी त्याचाही फोटो परत केला. त्यात त्याने कानामागे हात धरला होता. "असा हात धरला म्हणजे तुमी ऐकायलाव असं दिसतंय," हरिओम म्हणाले, बऱ्याच मोठ्याने.

केयूर परत आला तो सरळ माझ्यासमोर. मोबाइलवर काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. 'तुम्ही माझ्याकडे खूप वेळ बघत होता. संशय?'

नाही म्हणता आलं असतं. मी लिहिलं, 'हो.'

त्याने वाचलं, हसला, लिहिलं: 'मला पण तुमचा होता. काठी मांडीवर आणि भिंतीवरची नोटीस वाचत होता. बहिणीला तेच सांगत होतो.'

म्हणजे डोळा मारला तो माझ्यावरूनच. मला फार अपमान वाटला आणि फार बरंही वाटलं. पुढचा तासभर आम्ही त्या मोबाइलवर गप्पा मारल्या. तिथे त्याला ऐकावं लागत नव्हतं आणि मला आजूबाजूला बघावं लागत नव्हतं. तो पूर्णेचा, बहीण निवेदिता नांदेडला, घरात तिला सोडून कुणालाच हातांची भाषा येत नाही. आई अजून ओरडून बोलते.

डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. एका पांढऱ्या मोठ्या वाडग्यात हनुवटी ठेवायला लावली. ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी वाट बघत बसले. मध्यभागी दोन-चार लुकलुकले, ते दाबले. बाकी वेळ नुसती वाट. पंधरा मिनिटांनी त्यांनी कागद काढला, त्यावरचा काळा भाग बघितला आणि काही न विचारता सही केली. तक्रार, खुलासा, सुई, काहीच त्यांनी वाचलं नाही.

"तुमचं प्रमाणपत्र खरंच आहे हो," त्या म्हणाल्या. "मागच्यापेक्षा नळी थोडी अरुंद झालीय. नव्वद टक्के लिहिलेत."

बाहेर येऊन योगीराजांना सांगितलं. ते "नव्वद!" असं म्हणाले, पास झाल्यासारखं, आणि मग दोघंही थांबलो. माझी काठी त्यांनी हातात घेतली होती. ती त्यांनी परत माझ्या हातात दिली. पाच वर्षांत दहा टक्के. हा हिशोब दोघांनाही येतो.

आता फक्त फोटो उरला होता. मी हरिओमच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. समोर त्यांच्या मागे भिंतीवर एक नकाशा होता, त्यात मला वालूर सापडलं, तिथे माझी मावसबहीण असते. मी तेच बघत होते. शेजारी केयूर उभा होता. आणि एकाएकी तो आवाज करून हसायला लागला. त्याचं हसणं मोठं होतं, सगळा हॉल वळला. त्याने मोबाइल वर केला, खटकन फोटो घेतला आणि मला दाखवला.

फोटोत मी ताठ उभी, डोळे टक्क उघडे, नजर समोर. आणि माझ्या डाव्या कोपराशी हरिओम खुर्चीतून अर्धवट उठून पावतीचा एक कागद माझ्याकडे धरून उभे. हात पूर्ण लांबवलेला. चेहऱ्यावर वैताग. नंतर योगीराजांनी सांगितलं, ते मघापासून "घ्या, मॅडम, घ्या" म्हणत होते. हॉलच्या गोंगाटात मला वाटलं ते दुसऱ्याच कुणाला म्हणताहेत. हातभर अंतरावर कागद होता आणि मला तो नव्हताच. केयूरला मात्र दिसला. तो हातांकडे बघणारा माणूस.

मी फोटो हरिओमसमोर धरला. "दिसलं दिव्यांगत्व?"

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. "दिसतंय," ते शेवटी म्हणाले. "पण यात मी आलोय."

"तुम्हाला कापून टाकू?"

"हां, मला कापा." मग थांबले. "मला कापलं तर... दिव्यांगत्व पण जायलंय की."

"जातंय."

"मग परत काढा. यात माझे डोळे मिटलेत." आणि खिशातून कंगवा काढून ते भांग पाडायला लागले. कागद परत डाव्या कोपराशी आला. "हां, आता बघू नका इकडं."

मी कागद घेतला. "आता मला माहीत आहे तो तिथे आहे. आता न बघणं म्हणजे नाटक, हरिओम. नाटक केल्याची तक्रार आधीच आहे माझ्यावर."

बाहेर झाडाखाली एक प्रिंटरवाला बसला होता. त्याच्याकडून तोच फोटो काढून आणला, तोच लागला. केयूरच्या फाइलला कुठला फोटो लावायचा याची खटपट दुपारपर्यंत चालली. शेवटी हरिओम त्याला पाठीमागून हाका मारताहेत आणि तो शांतपणे केळं खातोय, असा मी काढला. माझ्या नळीत दोघं मावायला मला बरंच मागे जावं लागलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. प्रमाणपत्र वैध. पेडगावची शाळा कायम. दिनकरकाकांनी ते खिडकीतून सगळ्या कॉलनीला वाचून दाखवलं आणि मावशींनी 'नव्वद' ऐकून साखर वाटली. मी ती खाल्ली. काठी आता मी रोज घेते. कंडक्टर बघतो. बघू दे.

गेल्या रविवारी सकाळी दार वाजलं. हरिओम होते, हातात कागद. घाम फुटलेला.

"मॅडम, वरून विचारणा आलीय."

मी कागद वाचला. 'सोबतच्या छायाचित्रातील डोळे मिटलेला इसम कोण? सदर इसम तपासणीस हजर होता काय? त्याच्या दिव्यांगत्वाची नोंद कोणत्या फाइलमध्ये आहे? तीन दिवसांत खुलासा करावा.'

"तुम्ही ऑफिसचे आहात असं लिहा की."

"लिवलं. ते म्हणायलेत, ऑफिसचा असला तर डोळे चांगले असल्याचं प्रमाणपत्र जोडा." ते खुर्चीवर बसले. "मॅडम, तुमाला अनुभव हाय. मला दिसतंय, हे सिद्ध कसं करायचं?"

मी त्यांना धीर दिला. खुलासा लिहून द्यायला समोरच्या खिडकीत एक तज्ज्ञ आहेत, असं सांगितलं. योगीराजांनी चहा आणला आणि त्यांच्या हाताशी, डावीकडे ठेवला. हरिओम बोलत राहिले, कागद उलटसुलट करत राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चहावर साय धरली. त्यांनी कपाकडे एकदाही बघितलं नाही.

मला जरा संशय आलाय.